एक जूनची रांग

जुना जालना
२ जुलै २०२५

आत्या, जय भीम.

फोन तू उचलत नाहीस. काल बाबांच्या फोनवर लावला, तर माझं "आत्या" ऐकल्याबरोबर तू मोबाईल त्यांच्या हातात दिलास. म्हणून हे पत्र. पोस्टमन तुमच्या अंगणवाडीतच टपाल टाकतो, म्हणजे ते तुझ्याच हातात पडेल.

काल सकाळी क्लासवर शिकवत होते तेव्हा तुमच्या सुपरवायझर वंदना मॅडमचा फोन आला. तालुक्याच्या ऑफिसात निनावी अर्ज आलाय म्हणाल्या. धावड्याच्या मदतनीस बेबीनंदा यांचं वय पासष्टच्या पुढं गेलं आहे, तरी त्या कामावर येतात, असं त्यात लिहिलंय. पुरावा म्हणून माझ्या व्हिडिओतलं एक चित्र छापून जोडलंय. त्यात तुझ्या आणि सगुणाबाईच्या डोक्याभोवती पेनानं गोल काढलेत.

मी हे मुद्दाम केलेलं नाही. एवढं लागेल असं मला वाटलंही नव्हतं. आधी हेच सांगायचं होतं.

आता सगळं क्रमानं लिहिते. तुला ते माहीत आहे, पण मला एकदा कागदावर सलग बघायचं आहे.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी आम्हाला अल्गोरिदम शिकवायचे, म्हणजे आकडे क्रमानं लावायच्या रीती. सर फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. आय, जे, अदलाबदल, पुन्हा आय. वही भरली आणि मला एक अक्षर कळलं नाही. बाकीच्या मुली घरी दादाला नाहीतर ताईला फोन करून विचारायच्या. आपल्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. मी मोबाईललाच विचारलं. चार मिनिटांचा एक व्हिडिओ निघाला. उंच-बुटक्या रंगीत पट्ट्या, कशाही उभ्या. त्यातल्या दोन लाल व्हायच्या, एकमेकींची उंची बघून जागा बदलायच्या, आणि प्रत्येक पट्टीचा एक आवाज, बुटकीचा जाड, उंच पट्टीचा बारीक. शेवटी सगळ्या ओळीत लागल्या आणि आवाज पायऱ्या चढल्यासारखा वर वर गेला. होस्टेलच्या जिन्यात बसून मी तो नऊ वेळा बघितला. त्यात कोणी एक शब्द बोलत नव्हतं, तरी कळलं. मला आनंद झाला आणि रागही आला. एवढी साधी गोष्ट आम्हाला इतकी अवघड करून कोणी दिली होती?

तेव्हा तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, "आगं, म्या रोज हेच करून राह्यले. प्रार्थनेला लेकरं उभी करताना एकेकाला आणती, मागं मागं सरकवती अन् बराबर बसंल तिथं ठिवती." पुस्तकात त्याला इन्सर्शन सॉर्ट म्हणतात. तू ते सव्वीस वर्षं करतेस.

पदवी झाली, मुकुंद सरांच्या क्लासवर नोकरी लागली, आणि मी मराठीत व्हिडिओ करायला घेतले. बाटल्यांची बुचं, बांगड्या, शेंगदाणे घेऊन अठरा व्हिडिओ केले. कोणी बघितले नाहीत. मग सुचलं, पट्ट्यांच्या जागी माणसं उभी करू. आणि एक जून ठरवला, कारण त्या दिवशी आपल्या निम्म्या वस्तीचा वाढदिवस असतो. नाव घालताना मास्तरांनी सरसकट तोच दिवस लिहून दिलेला.

विहारासमोर अकरा माणसं. निळ्या झेंड्याकडे मोठी, रस्त्याकडे लहान. नियम एकच. साल सांगायचं नाही, आधार कार्ड काढायचं नाही, फक्त शेजारच्याला विचारायचं, तू मोठा का मी. हीच त्या गणितातली सुंदर गोष्ट आहे. आकडा कोणालाच माहीत नसला तरी रांग बिनचूक लागते. आपल्याकडे जन्मतारीख कोणाला माहीत नाही, पण कोण कोणाच्या आधीचं हे सगळ्यांना माहीत आहे. सात मिनिटांत रांग लागली.

त्या रांगेत तू सगुणाबाईच्या पुढं, झेंड्याकडे उभी राहिलीस. सगुणाबाईच्या कार्डावर एकोणसाठ साल आहे, त्यांना म्हातारपणाची पेन्शन चालू आहे. अर्ज करणाऱ्यानं एवढंच मांडलंय. बेबीनंदा सगुणापेक्षा मोठी, म्हणजे एकोणसाठच्या आधीची, म्हणजे पासष्ट कधीच पार. तुझ्या दाखल्यावर तर एक जून चौसष्ट आहे. कागदानं तुला अजून चार वर्षं आहेत.

काहीतरी करीन मी. रविवारी येते.

तुझी
दीपमाला

&nbsp;

जुना जालना
८ जुलै

आत्या,

रविवारी मी अंगणात आले तेव्हा तू आत होतीस. भांड्यांचा आवाज येत होता. मी हाक मारली, आवाज थांबला. मग मागच्या दारानं तू निघून गेलीस. बाबा म्हणाले, "बस. येईल." मी ओट्यावर बसले. बाबा शेजारी बसले. नंतर म्हणाले, "तुला शिकविलं ते तिनंच सांगितलं म्हनून. म्या तर दहावीलाच थांबवत व्हतो." हे मला माहीत होतं. ते त्या दिवशी का सांगितलं, तेही कळलं.

तू आली नाहीस. मी सगुणाबाईंकडे गेले.

"आली का हिरोईन," त्या म्हणाल्या. शेंगा फोडत बसल्या होत्या. "माझ्या नातीनं धा खेप दाखविलं. त्यात म्या हसून राह्यले अन् दात हायेत इन मिन चार. आधी सांगायचं व्हतं, तोंड मिटून हसले असते."

"बाई, अर्जाचं कळलं का?"

"सगळ्या गावाला कळलं. बस तुझ्या आत्याच्या म्होरं कोनी बोलत न्हाई."

"तुमच्या कार्डावर एकोणसाठ आहे ना? ते बरोबर आहे का?"

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. नातीला चहा ठेवायला म्हणून आत पाठवलं आणि मग बोलल्या. "हे बघ. म्या चालायला शिकले ती तुझ्या आत्याच्या बोटाला धरून. ती माझ्यापरीस मोठी हाय, हे आख्खं धावडं सांगंल. आता साल म्हनशील तर मला काय ठावं. मालक गेले तव्हा गावात पेन्शनचा कॅम्प लागल्ता. तिथल्या पोरानं इचारलं, मावशी, वय पासष्ट लिहू का. म्या म्हनलं, लिही बाबा, तुला जसं बराबर वाटंल तसं."

"म्हणजे खरं किती?"

"मंग तूच सांग, तू गणितवाली. दीक्षा झाली त्याच्या चौथ्या साली बेबी झाली, तुझी आजी म्हनायची. अन् बेबीच्या मागून तीन सालानं म्या."

मी बोटांवर मोजलं. दीक्षा छप्पन्न सालची, म्हणजे तू साठ सालची. सगुणाबाई त्रेसष्टच्या. त्यांचा कागद चार वर्षांनी पुढं आणि तुझा चार वर्षांनी मागं. दोन्ही कागद चुकीचे, आणि रांग मात्र खरी.

सगुणाबाईंना मी हे बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी आधीच सगळा हिशेब केलेला होता. म्हणाल्या, "आता मॅडम आली अन् इचारलं, सगुणा तू लहान का मोठी, तर काय सांगू? लहान म्हनलं तर बेबीची नोकरी गेली. मोठी म्हनलं तर मी खोटी, तू आधीच दाखवून बसलीस. अन् खरं साल सांगितलं तर माझ्या ताटातली भाकर गेली. तू शिकलेली हायेस. तूच सांग, कुठं उभं ऱ्हावं म्या."

 चहा आला, तो मी प्यायले. निघताना त्या म्हणाल्या, "अकरा मानसं उभी केल्ती तू. अकरांचे कागद हायेत. एकाचा निघाला की समद्यांचे निघत्यात."

परतीच्या जीपमध्ये मी तेच मोजत बसले होते. बाबांचा कागद. पारूबाईचा. त्या दोघा भावांचा, ज्यांच्यात कागदावर पाच महिन्यांचंच अंतर आहे. रांग लावली तेव्हा मला वाटलं होतं की ही माणसं व्हिडिओ किती मजेदार करत आहेत. त्यांना आकडा विचारायचा नाही, हा नियम मी गणितासाठी केला होता. त्यांनी तो का लगेच मान्य केला याचा विचार केला नाही.

दीपमाला

&nbsp;

जुना जालना
१७ जुलै

आत्या,

तालुक्याच्या ऑफिसातून नोटीस आली. तीस तारखेला अकरा वाजता मला जबाबासाठी बोलावलंय. व्हिडिओतली रांग खऱ्या माहितीवर लावली होती का, एवढाच प्रश्न आहे. उत्तर लेखी द्यायचं आहे.

मी मुकुंद सरांना दाखवली. ते खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "अहो दीपमाला, यात घाबरण्यासारखं काय आहे? खरं ते लिहा. आणि काही झालं तरी तो व्हिडिओ काढू नका. दोन लाख चाळीस हजार लोकांनी बघितलाय. आपल्या क्लासला या वर्षी निम्मे प्रवेश त्याच्यामुळे आलेत."

"सर, आत्याचं काम जाईल."

"तुमच्या आत्यांचं वय झालंय की नाही?"

"झालंय."

"मग? माझ्या वडिलांना तर बँकेनं साठलाच घरी बसवलं. शरयूला विचारा, सासरे घरी बसल्यापासून घर कसं चाललंय ते." ते हसले. शरयू वहिनी त्यांच्या पत्नी, क्लासचं ऑफिस बघतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सासऱ्यांना पेन्शन आहे हो. यांच्या आत्यांना काय आहे?" 

सर वाईट नाहीत. त्यांच्या घरात सगळ्यांची जन्मतारीख दवाखान्याच्या कागदावर आहे, वेळेसकट. वय ही तपासून बघायची गोष्ट असते असं त्यांना कधी वाटलेलंच नाही.

पण मी हे पत्र सरांबद्दल लिहायला घेतलेलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, एवढं लागेल असं मला वाटलं नव्हतं. ते खोटं होतं. ते वाचून तू काय म्हणाली असशील याची मला कल्पना आहे. म्हणून आता जे दोघींनाही माहीत आहे ते लिहिते.

सात जूनला तुझा फोन आला होता. मी क्लासच्या मागच्या खोलीत व्हिडिओ कापत बसले होते. तू म्हणालीस, "दीपे, ते सगुणा बोलली ना शाळंचं, तेवढं काढून टाक बाई." मी म्हणाले, "हो आत्या, काढते." तू म्हणालीस, "पक्कं?" मी म्हणाले, "पक्कं." मग तू दोन मिनिटं पावसाचं बोललीस आणि फोन ठेवलास.

मी काढलं नाही. काढून बघितलं, हे खरं आहे. तो भाग काढला की व्हिडिओ मेल्यासारखा व्हायचा. माणसं येतात, विचारतात, उभी राहतात. नीटनेटकं, आणि माझ्या बुचांच्या व्हिडिओसारखं कंटाळवाणं. आणि तो भाग ठेवला की तू येतेस, सगुणाबाई तुला म्हणतात, "म्होरं जाय बुढे," तू म्हणतेस, "तूच बुढी," आणि मग त्या वळून सगळ्यांना सांगतात, "कागदावर ही अन् हिचा भाऊ जुळे हायेत. एकाच दिशी पहिलीत घातलं दोघांना. ही एवढी मोठी, फळ्याच्या वर हात पुरायचा. नवा मास्तर बदलून आल्ता तर वर्गात शिरून हिलाच नमस्ते करून बसला." सगळी रांग हसते. बाबाही हसतात. तू पदर तोंडावर घेतेस.

मी स्वतःला सांगितलं की तू पदराआड हसते आहेस.

व्हिडिओ टाकल्यावर एक आलेख दिसतो, आत्या. लोक कुठं कंटाळून निघून जातात आणि कुठं मागं जाऊन पुन्हा बघतात, ते त्यात कळतं. रेघ सगळीकडे उतरत जाते. तीन मिनिटं बारा सेकंदांना ती वर उठते. तिथं तू पदर घेतेस. लोक मागं जाऊन तेच बघत होते. पहिल्या आठवड्यात मी रोज सकाळी उठून ती उठलेली रेघ बघायची आणि मला फार चांगलं वाटायचं. मुलं हसता हसता शिकतात, गणित असंच शिकवायला पाहिजे, असं मी क्लासमध्ये सांगितलं. खाली लोकांनी लिहिलं होतं, "मास्तरीण आजी एक नंबर." त्यावर मी हसरा चेहरा टाकला होता.

अर्ज आला नसता तर मी हे तुला कधीच लिहिलं नसतं. तू मला फोन उचलून विचारलं असतंस तर म्हणाले असते, कापायचं राहून गेलं.

दीपमाला

&nbsp;

जुना जालना
२४ जुलै

आत्या,

माझं ठरलं. तीस तारखेला मी लिहून देणार आहे की ती रांग खरी नव्हती. चित्र चांगलं दिसावं म्हणून मीच माणसांना हवं तसं उभं केलं, कोणाच्या वयाशी तिचा संबंध नाही, आणि सगुणाबाईंचं बोलणंही मीच पढवलेलं होतं. मग त्या चित्राला पुरावा म्हणून काही अर्थ उरत नाही. तुझा कागद तसाच राहतो, सगुणाबाईंचाही, बाकीच्या नऊ जणांचेही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. एवढ्या एका वाक्यात सगळे वाचतात.

व्हिडिओ कालच काढून टाकला. दीड महिना उशिरा.  संध्याकाळी मुकुंद सर म्हणाले, "जबाबात काय लिहिणार?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या क्लासची मॅडम खोटे व्हिडिओ करते, असं सरकारी कागदावर येणार." मी म्हणाले, "हो." ते म्हणाले, "विचार करा." पुढच्या महिन्यापासून माझे तास अर्धे केलेत. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत.

मला वाटलं होतं तेवढं सोपं जात नाहीये. जबाबाचा कच्चा कागद तीन वेळा लिहिला. "रांग खरी नव्हती" या शब्दांवर हात थांबतो. तुला हे पोरकट वाटेल. एकीकडे तुझं काम, सव्वीस वर्षांचं, आणि मी एका वाक्याचं दुःख करते आहे. पण मी आजपर्यंत जे काही शिकले त्यातली ही एकच गोष्ट पूर्णपणे माझी होती. पुस्तकात होती ती मी माझ्या माणसांमध्ये बघितली आणि ती तंतोतंत निघाली. साल माहीत नसलेल्या अकरा माणसांनी एकही चूक केली नाही. आता मी सही करून सांगणार की असं काही झालंच नाही.

आज वर्गात तृप्तीनं विचारलं. आठवीतली मुलगी आहे, पहिल्या बाकावर बसते, फार बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ दिसत नाही. का काढला?"

मला तीस तारखेची सवय करायची होती. मी म्हणाले, "त्यात चूक होती. रांग मी मनानंच लावली होती."

 ती म्हणाली, "पण मॅडम, मी घरी करून बघितलं ना. आजी, दोन काकू, आत्या, शेजारच्या आजी, सगळ्यांना उभं केलं. बराबर लागली रांग. कोणालाच जन्मसाल माहीत नव्हतं तरी लागली."

मी फळा पुसायला वळले. पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

सोमवारी किंवा मंगळवारी हे पत्र तुला मिळेल. तू काही करू नकोस. मॅडमनी विचारलं तर एवढंच म्हण, पोरीनं जिथं उभं केलं तिथं उभी राहिले. हे माझ्या चुकीची भरपाई म्हणून धरू नकोस. सात जूनचं जे आहे ते तसंच राहील, मला ठाऊक आहे. फक्त तुझं काम राहू दे.

दीपमाला

&nbsp;

धावडा
२८ जुलै २०२५

चि. दीपास,

तुझी चारी पत्रं भेटली. शेवटचं आज सकाळी आलं. वाचलं अन् लेकरांचं खाऊ वाटप झाल्यावर तशीच तालुक्याला गेले. ऑफिसात मॅडम व्हती.

म्या मॅडमला सांगितलं, माझं खरं साल साठ हाय. कागदावर चार सालानं कमी लागलंय. औंदा पासष्ट झाले. मॅडम म्हनली, बाई तुमचा कागद तुमच्या बाजूनं हाय, निनावी अर्जाला कोन इचारतं, कामून स्वतःच्या तोंडानं सांगायलात. म्या म्हनलं, तुमी लिहून घ्या. मंग ती म्हनली, चौकशी करायची तर त्या रांगेतल्या समद्यांचे दाखले मागवावे लागतील. म्या म्हनलं, अर्जात नाव माझं एकटीचं हाय. म्या स्वतःहून काम सोडून राह्यले, मंग चौकशी कोनाची करता.  मंग तिनं फाईल बांधली. एकतीस तारखंला किल्ल्या देणार हाय.

सगुणाला म्या काही सांगितलं न्हाई. तू बी सांगू नको. तिला वाटू दे मला कंटाळा आला.

तुला तीसला जायाचं काम न्हाई. मॅडम फोन करंल. अन् माझ्या नावानं खोटं लिहायचं न्हाई. तुझ्या बापाला काखेत घेऊन म्या शाळंच्या दारात उभी ऱ्हायचे ते तू खोटं शिकावं म्हनून न्हाई. त्या रांगेत म्या माझ्या पायानं गेल्ते. सगुणाच्या म्होरंच माझी जागा हाय. तू पढवलं असं म्हनली असती तर गावात मला तोंड दाखवता आलं नसतं.

आता दुसरं. काम गेल्याचा राग न्हाई मला. ते औंदा न्हाई तर चार सालानं जाणारच व्हतं. राग कशाचा हाय ते तू चार पत्रांत बी बराबर लिहिलं न्हाई. तू म्हनती तो भाग काढला न्हाई म्हनून. त्याचा बी हाय. पण त्याच्या बी आधीचं हाय.

सहा सालाची व्हते तव्हा म्या आपल्या मनानं शाळंत गेल्ते. तीन दिस. कोनी नाव लिहिलं न्हाई, पडवीत बसायचे. मास्तर आत म्हनायचा ते बाहेरून म्हनायचे. चौथ्या दिशी माय आली. तुझा बाप तव्हा सालभराचा, रडून रडून निळा झाल्ता, माय कामावर जायाची व्हती. मला घेऊन गेली. मंग चार साल म्या त्याला सांभाळलं. त्याला शाळंत घालायला नेलं तर तो मला सोडंना. मास्तर म्हनला, तू बी बस. म्हनून बसले. दोघांचं एकच साल लिहिलं त्यानं, त्याला सोपं जावं म्हनून.

सगुणा हसली, तिला माफ. ती गाई राखायला जायाची, शाळंत एक दिस गेली न्हाई. तिला माझं हसू येतं अन् मला तिचं रडू येतं, आमचं चालतं तसं. पण तू शिकलेली. म्या उशिरा शाळंत गेले हे तुला ठाऊक व्हतं. समद्या घराला ठाऊक हाय, हसायची गोष्ट म्हनून. तू एवढ्या सालात एक खेप इचारलं न्हाई, का गेली उशिरा. रांगेत तू समद्यांना इचारलं, मोठं कोन. बस तेवढंच इचारलं.

त्या तृप्तीला खरं सांग. लेकरू घरी जाऊन म्हाताऱ्यांना उभं करतं, त्याला खोटं सांगू नये. जल्दी सांग, न्हाई तर ती मनात धरून बसंल.

राग अजून हाय. किती दिस ऱ्हाईल ते मला सांगता येत न्हाई. सध्या येऊ नको. आलीच तर तो मोबाईल जालन्यालाच ठिवून ये.

तुझी आत्या
बेबीनंदा